परत आलेल्या माणसाबद्दल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

फौजेतून परत आलेल्या आजोबांवर, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी लिहिलेली तुझी चार पानं काल पोचली. वर्षश्राद्धाला अजून नऊ-दहा महिने आहेत, तरी लगेच उत्तर लिहायला बसलोय. पुस्तिका एकदा छापखान्यात गेली की मग कुणी काही सांगून उपयोग नसतो. माझ्या बाबतीत काय झालं ते पुढे येईलच.

आधी खोडायचं ते सांगतो. पहिल्या पानावरचा फणस काढ. बाहेरून काटेरी नि आतून गोड, हे आपल्याकडे गेलेल्या प्रत्येक कडक म्हाताऱ्याबद्दल म्हणतात आणि निम्म्या वेळा ते खरं नसतं. दुसरं म्हणजे आजोबा 'मेजर' नव्हते. आपल्या भागात फौजेत जाऊन आलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं. पारावर चार म्हातारे बसलेत आणि तू 'राम राम मेजर' म्हणालीस, तर तिघं तरी मान वर करतील. छापताना मात्र मेजर म्हणजे अधिकारी. आजोबा हवालदार म्हणून पेन्शनीला आले. बाहीवरच्या त्या तीन फिती फुकट मिळत नाहीत. हवालदारच लिही, त्यात कमीपणा काही नाही.

आता पेटी. प्रत्येक फौजीच्या घरी ती काळ्या पत्र्याची ट्रंक असते, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. तुमच्याकडे ती माळ्यावर असेल, नाहीतर तिच्यावर गोधड्या रचलेल्या असतील. आजीला विचारूनच उघड. आत डिस्चार्ज बुक मिळेल. भरती कधी, सुटका कधी, कुठली पलटण, कुठली पदकं, हे सगळं त्यात असतं. ते फाटलं-भिजलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते सांगतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. अर्जावर आर्मी नंबर हवाच, नुसत्या नावावर तिथे कुणी सापडत नाही.

पदकं नीट बघ. माझी चूक इथलीच. माझे वडील तोफखान्यात होते. ते गेल्यावर मी मोठ्या उमाळ्याने पुस्तिका काढली, दोनशे प्रती. १९७१ म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर ढाका आणि १६ डिसेंबरची शरणागती. लिहून मोकळा झालो, 'ढाक्याच्या विजयात त्यांच्या तोफेचा वाटा होता.' कार्यक्रमाला त्यांच्या युनिटमधले एक सोबती लांबून आले होते. जेवणं झाली, हात धुताना मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, ''मास्तर, तुमच्या वडलांच्या छातीवर पश्चिमी स्टार होता. पूर्वेला आम्ही गेलोच नव्हतो. बाडमेरकडे वाळूत होतो.'' तो स्टार माझ्या घरात काचेच्या कपाटात होता, गेली तीस वर्षं. मी तो पुसत होतो, वाचला कधी नव्हता. त्या लढाईसाठी पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडल दोन्हीकडच्यांना, त्यावरून काही कळत नाही. १९६५ चं असेल तर समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल. उरलेल्या प्रतींमधलं ते वाक्य मी पेनाने खोडत बसलो होतो. वाटलेल्या प्रती अजून लोकांच्या घरात आहेत.

तू लिहिलंयस, 'आजोबांनी शत्रूला पाणी पाजलं.' कुणी सांगितलं? ते तर युद्धाबद्दल बोलायचेच नाहीत, हे तूच तिसऱ्या पानावर म्हटलंयस. मग तेवढंच लिही, की ते बोलले नाहीत. विषय निघाला की उठून काय करायचे, गोठ्यात जायचे, रेडिओचा कान पिळायचे, ते लिही. न बोललेलं आपण भरून काढायचं नाही.

खरी गोष्ट मला वेगळीच सांगायची आहे. तुझ्या चार पानांपैकी तीन पानं फौजेची आहेत. जरा हिशेब मांड. तूच दिलेल्या सालांप्रमाणे आजोबा १९६५ ला भरती झाले, १९८२ ला सुटून आले. सतरा वर्षं. गेले तेव्हा अठ्ठ्याहत्तर. म्हणजे पेन्शनीला आले तेव्हा जेमतेम छत्तीसचे असतील. त्यापुढची बेचाळीस वर्षं तो माणूस आपल्या तालुक्याच्या गावात राहिला, आणि त्या बेचाळीस वर्षांना तू अर्धं पान दिलंयस. सगळे असंच करतात. आपल्याच सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे घे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. असायलाच हवं. पण जे परत आले, ज्यांनी पुन्हा नांगर धरला, लग्नं केली, भाऊबंदकीत भांडले आणि खाटेवर गेले, त्यांचा दगड कुठे दिसतो का बघ. तुला तो दगड बसवायचा आहे.

दुसरा हिशेब घरचा. सतरा वर्षांत वर्षाला दोन महिन्यांची सुट्टी धरली तर होतात चौतीस महिने. त्यातले जाण्या-येण्याच्या गाडीतले दिवस वजा कर. तुझे वडील १९७३ चे. नऊ वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या वाट्याला बाप आला तो सगळा मिळून दीड वर्ष. त्यांना विचार, आजोबा कायमचे घरी आले त्या दिवशी काय झालं. माझं मी सांगतो. मी आईच्या मागे लपलो होतो आणि रात्री तिला विचारलं होतं, ''हे परत कधी जाणार?'' वडलांनी ते ऐकलं होतं. चाळीस वर्षांनी, दवाखान्यात, त्यांनीच मला आठवण करून दिली. हसत, पण दिली.

आजीचं तर तुझ्या लेखात नावच नाही. 'पत्नीने समर्थ साथ दिली' एवढंच. अगं, साथ कसली, तिने एकटीने घर चालवलं! १९७२ च्या दुष्काळात ती कुठे होती? आपल्याकडच्या बायका तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, पोरं सुकडीच्या रांगेत. नवरा सरहद्दीवर आणि बायको खडीवर, असं तुमच्याही घरी असेल. नसेलही. विचार. आणि विचारताना वही काढून समोर बसू नकोस, गप्प होईल. तिच्याबरोबर शेंगा फोडायला बस, भाजी निवडायला बस. हात चालू असले की या बायका बोलतात.

मनीऑर्डरची कुपनंही शोध. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपाची एक चिठ्ठी असायची, पोस्टमन पैसे देताना ती फाडून हातात द्यायचा. तीन-चार ओळींची जागा. माझ्या आईने ती सगळी एका तारेत ओवून ठेवली होती, वाण्याकडे बिलं असतात तशी. वरची काढली की खालचीला गंजाचं भोक. एकीवर वडलांचं अक्षर आहे, 'पैसे मिळाले की कळवणे. ढवळ्याचा पाय कसा आहे. पोरास शाळेत मारू नये म्हणून मास्तरास सांगणे.' बैल आधी, मग मी. पण मी आहे. घरात आंतरदेशीय पत्रं सापडली तर पत्ता बघ. ५६ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) असेल तर साधारण पश्चिम-उत्तरेकडची छावणी, ९९ एपीओ असेल तर पूर्वेकडची. गावाचं नाव लिहायची परवानगीच नसायची.

मग ती बेचाळीस वर्षं. तू एका वाक्यात म्हणतेस, 'निवृत्तीनंतर त्यांनी बँकेत सुरक्षारक्षक म्हणून काम केले.' हे वाक्य उघडून बघ. सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस बारा बोअरची बंदूक मांडीवर घेऊन बँकेच्या दारात स्टुलावर बसतो. पीक कर्जाला आलेल्या बायांना स्लिप भरून देतो, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा धरतो. मी पाहिलंय त्यांना. दुपारी दोनच्या उन्हातही शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. त्यांना त्या स्टुलावर काय वाटत असेल, मला सांगता येणार नाही. तू लहानपणी डबा द्यायला जायचीस ना? मग डबा उघडताना ते काय म्हणायचे ते तुला ठाऊक असेल. शिवाय रविवारी सकाळी घरातल्या सगळ्या पोरांचे बूट ओळीने मांडून पॉलिश करायचे, हे तू मला एकदा बोलता बोलता सांगितलं होतंस. लेखात ते नाही! शत्रूला पाणी पाजणं आहे आणि बूट नाहीत.

एक अवघड गोष्ट. फौजी कॅन्टीनची दारूची बाटली. तू ती पूर्ण गाळलीयस, आणि मला कळतं का ते. संध्याकाळी आवाज चढायचा, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी दहा जणांना दहा वेगळे सल्ले दिले असते. तुला एवढंच सांगतो. आजी हयात आहे, ते लिहून तिला आधी वाचून दाखव. ती म्हणाली लेखात राहू दे, तर राहू दे. ती म्हणाली काढ, तर काढ. पण ती 'राहू दे' म्हणाली आणि तुलाच लाज वाटली म्हणून तू काढलंस, असं करू नकोस. मात्र काही झालं तरी 'निर्व्यसनी' हा शब्द घालू नकोस. तो सध्या घातलेला आहे.

फोटो फौजी टोपीतला एक पुरे. दुसरा लुंगी-बनियनवरचा घे, अंगणातला.

सुधारलेली पानं दिवाळीनंतर पाठव. घाई नाही. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. पेटी उघडशील तेव्हा पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आधी बाहेर काढ आणि त्यावर आजीचं नाव कसं लिहिलंय ते बघ. आमच्या आईचं भरतीच्या वेळच्या कागदात माहेरचं नाव होतं, बँकेत सासरचं. फॅमिली पेन्शन सुरू व्हायला सात महिने गेले, आणि त्या सात महिन्यांत ती एकदाही काही बोलली नाही. लेख राहू दे, उद्या सकाळी ते कर.

तुझा,
मास्तरकाका