तीन महिन्यांची रजा आणि एक कोरं पान

“आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी सुट्टी मिळतेय आणि ती कशी घालवायची यावरूनच आमचं रोज वाजतंय. आमचंच काही चुकतंय का?” समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या घरांतून येतो. त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी चौदा वर्षांची. पैसे साठवून, वरिष्ठांची मनधरणी करून दोघांनी एकाच वेळी तीन महिन्यांची रजा मिळवली होती. तो लॅपटॉप घेऊनच आत आला. एक्सेलमध्ये आठवडावार आखणी होती: दोन मोठे प्रवास, ट्रेक, नवी भाषा, घराची रंगरंगोटी. “मॅडम, एकही दिवस वाया जाता कामा नये. असा योग पुन्हा नाही.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बॅगा कोण भरणार, औषधं कोण लक्षात ठेवणार, मुलीचं हवं-नको कोण बघणार, हे या तक्त्यात कुठेच नाही. नाही म्हणजे ते मीच करणार.”

तिचं हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. कामावरून घरी आल्यावर माणूस कशामुळे ताजातवाना होतो, यावर साबीन सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या: मन कामातून सुटणं, शरीर-मन सैलावणं, काहीतरी नवं जमू लागणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. त्याच्या तक्त्यात तिसरी गोष्ट भरपूर होती. चौथी मात्र तिच्या वाट्याला आलीच नव्हती. ऑफिसातून रजा घेऊन ती घरच्या कामावर पूर्णवेळ रुजू होणार होती.

मी लॅपटॉप मिटायला सांगितला आणि तिघांनाही घरी करायला एक काम दिलं. ठिकाणं, खर्च, तारखा काही लिहायचं नाही. रजेच्या दहाव्या आठवड्यातला मंगळवार डोळ्यांसमोर आणायचा आणि उठल्यापासून झोपेपर्यंतचा तो दिवस लिहायचा. एकमेकांना न दाखवता. दहावा आठवडा मुद्दाम निवडते, कारण तोवर नवलाई ओसरलेली असते. जेसिका दे ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब सुट्टीवर गेलेल्या ५४ नोकरदारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा आनंद साधारण आठव्या दिवशी सर्वांत जास्त होता आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो मूळपदावर आला. अभ्यास लहान आहे, पण माझ्या खोलीत ऐकलेल्या कहाण्यांशी तो जुळतो. म्हणून सुट्टी खच्चून भरण्याची घाई मला पटत नाही.

पुढच्या वेळी तीन पानं आली. मुलीनं लिहिलं होतं: “दुपारी मी माझ्या खोलीत. दार बंद. काय करतेस असं कुणी विचारायचं नाही. रात्री बाबांबरोबर बुद्धिबळ.” त्याचा चेहरा पडला. त्यानं ‘सगळे सतत एकत्र’ असं स्वप्न पाहिलं होतं. मी त्याला शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

तिच्या पानावर सकाळी एकटीनं लांब चालणं होतं आणि अर्धवट सुटलेलं पेटीचं शिक्षण.

आणि त्याचं पान? उठणं, व्यायाम, आंघोळ, वर्तमानपत्र. दहा वाजले. पुढे काहीच नाही. “अर्धा तास बसलो होतो,” तो हळूच म्हणाला. “काम नसलं की दहानंतर मी काय करतो, तेच आठवेना.”

मग तक्ता एवढा गच्च का होता, ते तिलाही त्या दिवशी कळलं. तिनं काही न बोलता त्याचं पान आपल्याकडे ओढून पुन्हा वाचलं. रिकाम्या वेळाचा असा धसका दोघांपैकी एकाला तरी असतोच, आणि बहुतेक वेळा त्याला ‘उत्साह’ समजलं जातं.

आराखडा त्यांनी माझ्यासमोरच केला. पहिले दहा दिवस काहीच ठरवायचं नाही. प्रवास एकच, त्याची बॅगेपासून औषधांपर्यंत सगळी तयारी त्याची. तो काही विसरला, तर तिनं आठवूनही सांगायचं नाही. मुलीला बंद दार. आठवड्यातला एक दिवस प्रत्येकाचा स्वतःचा. शेवटचा आठवडा घरीच, झोपेच्या वेळा पूर्ववत करायला. रंगरंगोटी कुणालाच नको होती, असं शेवटी निघालं.

रजेच्या सहाव्या आठवड्यात त्याचा फोन आला. प्रवासात मोबाइलचा चार्जर राहिला होता, आणि तिनं खरंच आठवण करून दिली नव्हती. मी पानाबद्दल विचारलं.

“अकरापर्यंत पोचलोय,” तो म्हणाला. “पेटी वाजत असते तेव्हा शेजारी बसतो. नुसताच.”