वाचकांचे प्रश्न : माळावरचा भुंगेरा ‘नवा’ कधी ठरतो?

प्रश्न : माण तालुक्यात म्हसवडजवळ आमचे माळरान आहे. वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की तेथे गव्हाच्या दाण्याएवढे, फिकट पिवळे आणि पाठीवर गडद तपकिरी रेघा असलेले भुंगेरे पाने कुरतडताना दिसतात. उन्हाळ्यात मात्र एकही आढळत नाही. वाळवंटी प्रदेशात पर्णभुंगेऱ्याच्या नव्या जाती सापडतात असे वाचल्यापासून मनात आहे की, आमचा भुंगेराही नवा असेल का? तसे असल्यास त्याचे नाव कोण ठेवतो आणि त्याला आमच्या गावाचे नाव देता येईल का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपण रंग, आकार आणि हंगाम इतका नेमका लिहिला आहे की पत्र वाचताना समाधान वाटले. फक्त एक गोष्ट राहिली, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हे भुंगेरे कोणत्या झाडाची पाने खातात, हे आपण कळवलेले नाही. पर्णभुंगेऱ्यांच्या कुळात आजवर वर्णन झालेल्या जातींची संख्या पस्तीस हजारांहून अधिक असून त्यांतील पुष्कळशा जाती एकाच किंवा मोजक्याच वनस्पतींवर जगतात. त्यामुळे वनस्पतीचे नाव कळले की शोधाचे निम्मे काम होते. ती वनस्पती गाजरगवत असेल, तर आपला पाहुणा बहुधा ‘झायगोग्रामा बायकलराटा’ हा मेक्सिकन भुंगेरा आहे. गाजरगवताला आवर घालण्यासाठी त्याला १९८० च्या दशकात मेक्सिकोहून बंगळूरला आणले गेले. तो पावसाळ्यात पाने खातो आणि उरलेला काळ जमिनीत निपचित पडून काढतो; म्हणजे उन्हाळ्यात तो न दिसण्याचे कारणही जुळते. वनस्पती तरवड, बोर किंवा आणखी कोणती असेल, तर मात्र पुढे वाचावे.

माण हे वाळवंट नव्हे, हे येथेच सांगून टाकतो. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माणमध्ये तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. वाळवंट म्हणण्यासाठी सर्वसाधारणपणे अडीचशेहून कमी पाऊस असावा लागतो. तरीही कोरड्या मुलखातल्या कीटकांची एक सवय आपल्याकडेही दिसते. पाऊस येईपर्यंत जमिनीत दडी मारायची आणि हिरवळ असेल तेवढ्या दिवसांत सगळा संसार उरकायचा. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातील ‘डायअॅम्फिडिया’ या पर्णभुंगेऱ्याच्या अळ्या झुडपाखालच्या मातीत कोश करून वर्षानुवर्षे पडून राहू शकतात; तेथील सान या आदिवासी समाजाचे शिकारी त्या उकरून काढतात आणि त्यांचे विष बाणांना लावतात. अशा जाती अज्ञात राहण्याचे मोठे कारण हेच आहे की, त्या वर दिसतात त्या थोड्या दिवसांत पाहणारे कोणी तेथे नसते.

आता ‘नवी जात’ म्हणजे काय ते पाहू. माळावर सापडतो तो केवळ किडा. तो नवा आहे की नाही हे ठरते संग्रहालयातील कपाटासमोर, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर. आपल्या देशातील पर्णभुंगेऱ्यांवर कीटकशास्त्रज्ञ जेकोबी यांचा १९०८ चा आणि समरेंद्र मौलिक यांचे १९१९, १९२६ व १९३६ चे ग्रंथ अजूनही पहिल्यांदा उघडावे लागतात, आणि त्या काळातील अनेक मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. नुसत्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण एकाच जातीत रेघा कमी-जास्त, फिक्या-गडद होतात आणि उलट दोन वेगळ्या जाती वरून अगदी सारख्या दिसतात. म्हणून अभ्यासक नराचे पोट अलगद सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात, मऊ ऊती विरघळल्या की आतील कठीण जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि त्याच्या आकाराची आकृती काढतात. मादीच्या शुक्रकोशाचा (शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचा) आकारही असाच उपयोगी पडतो. अलीकडे डीएनएचीही जोड मिळते, पण ती जोडच. मोबाइलवरील छायाचित्रावरून नवी जात जाहीर करण्याचा उत्साह मला तरी धोक्याचा वाटतो.

वेगळेपण पटले की वर्णन लिहितात. त्यात लांबी, शृंगिकांच्या (डोक्यावरील स्पर्शेंद्रियांच्या) पेरांचे प्रमाण, कठीण पुढच्या पंखांवरील बारीक खळग्यांची मांडणी आणि जवळच्या जातींपासूनचा फरक येतो. नावाचा आधार ठरणारा नमुना (बहुधा एकच, ‘होलोटाइप’) निश्चित करून तो कोठे ठेवला जाईल ते सांगणे, प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार बंधनकारक आहे. २०१२ पासून केवळ ऑनलाइन प्रसिद्ध होणारे वर्णनही ग्राह्य धरतात, मात्र त्याची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. आपल्या देशात आणखी एक अट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना तेथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशीच एक संस्था असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

नाव वर्णन लिहिणारा ठेवतो. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. त्यात गावाचे नाव घालता येते, जसे ‘म्हसवडेन्सिस’. व्यक्तीचे नाव द्यायचे तर पुरुषासाठी शेवटी ‘आय’ आणि स्त्रीसाठी ‘एई’ ही लॅटिन अक्षरे जोडतात. स्वतःचेच नाव ठेवण्यास संहिता मनाई करत नाही, परंतु अभ्यासक ते अशोभनीय मानतात. आपण तूर्त इतके करावे: झाडाच्या फुला-पानांसह छायाचित्रे घ्यावीत आणि तारीख, जागा व खाताना पाहिलेली वनस्पती वहीत लिहून ठेवावी. तेवढ्या नोंदी असल्या की आकुर्डीचे तज्ज्ञ पुढे काय पाठवायचे ते सांगू शकतील.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेतला उडद्या याच कुळातला का? छाटणीनंतर तो फुटवे खातो.
— एक बागायतदार, तासगाव, जि. सांगली

उत्तर : होय. द्राक्षावरचा उडद्या म्हणजे ‘स्केलोडोंटा स्ट्रिगिकॉलिस’ हा तांबूस-कांस्य रंगाचा, पाठीवर सहा गडद ठिपके असलेला पर्णभुंगेरा. खरड छाटणी असो वा फळछाटणी, तो वेलीवरचे फुगलेले डोळे (कोंब) कुरतडतो आणि दिवसा खोडाच्या सुटलेल्या सालीखाली लपतो. म्हणून छाटणीनंतर ही साल काढून ती बागेबाहेर जाळण्याचा सल्ला दिला जातो. तो नवा मात्र नाही. त्याचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच झाले आहे.