४ जीबी रॅमचा लॅपटॉप, टर्बो सी आणि लिनक्स

इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही बेळगावात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहात आणि सुट्टीला जांबोटीच्या पुढे तुमच्या गावी जाता, जिथे पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसतो. भावाकडून मिळालेल्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज १० रखडत चालते आणि कॉलेजच्या लॅबमध्ये सी भाषा टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर) शिकवतात. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) घ्यावे का, कोणते घ्यावे आणि त्यावर मराठी व कन्नड दोन्ही टाइप करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या यंत्रावर लिनक्स हलके चालते, ही कारणे आहेतच. पण प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यासाठी मला सर्वांत मोठे वाटणारे कारण असे की, आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रात नेमके काय करतो हे तपासण्याची साधने इथे हाताशी असतात, मोफत असतात आणि त्यांचा सोर्स कोडसुद्धा वाचायला मिळतो.

लॅबमधलेच उदाहरण घेऊ. टर्बो सी १९८७ साली डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आला. त्यात इंट (पूर्णांक ठेवण्याचा डेटा टाइप) हा १६ बिटांचा असतो, त्यामुळे त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२७६७. फॅक्टोरियलचा साधा प्रोग्रॅम लिहिला, तर ७ ला ५०४० हे बरोबर उत्तर येते, मात्र ८ ला ४०३२० च्या जागी उणे २५२१६ उमटते. विद्यार्थी लूपमध्ये चूक शोधत बसतो आणि लूप तर बरोबर असतो. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने तोच प्रोग्रॅम कंपाइल केला की इंट ३२ बिटांचा होतो, १२ पर्यंत उत्तरे बरोबर येतात आणि १३ ला पुन्हा तीच गडबड होते. हे दोन्हीकडे स्वतः चालवून पाहा. डेटा टाइपचा आकार म्हणजे काय, हे त्यानंतर पाठ करावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट चुकीच्या पॉइंटरची, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची. डॉसमध्ये मेमरीला संरक्षण नसल्यामुळे भलत्याच जागी लिहिणारा प्रोग्रॅमही पुष्कळदा काही न झाल्यासारखा पुढे चालत राहतो. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची हद्द आखून देतो आणि ती ओलांडली की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून तिथेच थांबवतो. नवशिक्याला हा संदेश धडकी भरवतो, पण चूक लपून राहण्यापेक्षा ती तेव्हाच पकडली गेलेली केव्हाही चांगली. जीसीसी चालवताना सर्व इशारे दाखवण्याचा पर्याय नेहमी चालू ठेवा. स्कॅनफ या इनपुट घेणाऱ्या फंक्शनमध्ये अँपरसँड (&) विसरलात, तर कितव्या ओळीत पत्ता अपेक्षित होता आणि तुम्ही नुसती संख्या दिली, हे तो कंपाइल करतानाच सांगतो.

लॅबची परीक्षा टर्बो सीवरच द्यायची आहे, हेही विसरून चालणार नाही. त्यासाठी घरी सर्व व्हेरिएबल्स ब्लॉकच्या सुरुवातीलाच जाहीर करण्याची सवय ठेवा, कारण जुना कंपायलर मध्येच केलेली घोषणा स्वीकारत नाही. पडदा पुसणारी आणि कळ दाबण्याची वाट पाहणारी कोनिओ या टर्बो सीच्या हेडर फाइलमधली फंक्शन्स जीसीसीबरोबर मिळत नाहीत. ती लॅबमध्येच जोडा.

कोणते लिनक्स, या प्रश्नावर लोक महिनोन्महिने वाद घालतात. तुम्ही त्यात पडू नका. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. तिला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबीची शिफारस आहे, म्हणजे तुमच्या यंत्राला ती बेताची बसते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहतील. मात्र अँड्रॉइड स्टुडिओसारखे अवजड सॉफ्टवेअर ४ जीबीवर लिनक्समध्येही नीट चालणार नाही. लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर करा. तिचा फरक कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमच्या फरकापेक्षा जास्त जाणवेल.

नेटवर्कच्या अडचणीवर मॅन पेजेस (लिनक्समधली मदतपुस्तिका) हा मोठा आधार आहे. सी भाषेतल्या प्रत्येक फंक्शनची माहिती त्यात इंटरनेटशिवाय वाचता येते. त्यासाठी ‘मॅनपेजेस-डेव्ह’ हे पॅकेज आणि जीसीसी, जीडीबी (प्रोग्रॅममधली चूक शोधण्याचे साधन) व गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) बेळगावात असतानाच उतरवून घ्या.

मराठी आणि कन्नडसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी शिका, असे मी आग्रहाने सांगेन. भारतीय लिपींसाठी ती एकाच तत्त्वावर बेतलेली आहे: इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीत क उमटतो, कन्नड मांडणी निवडली की त्याच कळीवर कन्नड क. आपल्या भागात घरी मराठी आणि ग्रामपंचायतीच्या अर्जाला कन्नड लागते, त्यामुळे एकदा बोटे बसली की दोन्ही कामे होतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये दोन्ही मांडण्या जोडा. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) जोडाक्षरे अनेकदा विसकटलेली दिसतात, म्हणून फायलींची नावे रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता द्यावीत.

याच निमित्ताने एक प्रयोग सुचवतो. सीमध्ये ‘बेळगाव’ या शब्दाची लांबी स्ट्रलेन या बाइट मोजणाऱ्या फंक्शनने मोजा. आपल्याला अक्षरे चार दिसतात, उत्तर १८ येते. युनिकोड या लिपींच्या संकेतप्रणालीत ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना आणि व असे सहा घटक होतात आणि तो साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. मग तोच शब्द एको या मजकूर छापणाऱ्या कमांडने डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडकडे पाठवा. बाइट १९ आणि घटक ७ येतील, कारण एको शेवटी नवी ओळ जोडतो. आता स्वतःचा डब्ल्यूसी लिहा आणि मूळ डब्ल्यूसीचा सोर्स कोड मागवून दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एवढे एक काम मन लावून केलेत, तर फायली, लूप आणि कॅरेक्टर एन्कोडिंग ही तिन्ही प्रकरणे पक्की होतात.

इन्स्टॉल करण्याआधी सर्व फायलींची प्रत दुसरीकडे काढा, ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचे डेटा कुलूपबंद करणारे साधन) असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज लगेच पुसू नका. एखादी ऑनलाइन परीक्षा त्यावरच द्यावी लागू शकते. दोन्ही ठेवल्यास विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते, कारण लिनक्स यंत्रातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते; लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगितले की ते थांबते. सुरुवातीला पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासा. वायफाय सापडले नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते आणि हवा तो ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो. वायफायच्या चिपचे नाव इथे कळवलेत, तर कोणता ड्रायव्हर लागेल ते सांगेन.