काचेच्या बाटल्यांच्या खोक्यात आतला ट्रे सहज निघावा, पण वाहतुकीत हलू नये, यासाठी माप कसं ठेवावं?

ट्रे खोक्याच्या आतल्या मापापेक्षा प्रत्येक बाजूने साधारण १ मिलिमीटर लहान ठेवा आणि समोरासमोरच्या दोन कडांना बोट शिरेल अशा अर्धगोल खाचा द्या. फार घट्ट बसवला तर उचलताना खाली हवा शिरत नाही, ट्रे निघत नाही. मग लोक खोकं उलटं करतात आणि नेमकी तिथेच काच फुटते. बाटली ट्रेने अंगाला धरावी, मानेला नाही, आणि तिचा तळ खोक्याला टेकू नये. कागदी लगद्याचा ट्रे मात्र पावसाळी हवेत फुगतो, त्याला मोकळीक थोडी जास्त हवी. छपाईआधी भरलेलं खोकं आपटून बघाच. १० किलोच्या आतल्या खोक्यासाठी ‘इस्टा १ए’ या पॅकेजिंगच्या आंतरराष्ट्रीय वाहतूक-चाचणीत ७६ सेंमीवरून १० वेळा पाडतात: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू.