काचेच्या पेटीतलं बाळ

अगं, तुझं बाळ वेळेआधी झालं आणि काचेच्या पेटीत ठेवलंय, हा तुझा निरोप वाचला आणि आमचे ते दिवस आठवले. माझा लेक २८व्या आठवड्यात झाला, ९८० ग्रॅमचा. आता तो रंकाळ्यावर सायकल पळवतो आणि मी मागनं ओरडत असते.

पहिल्या आठवड्यात वजन उतरलं तर हबकू नकोस, बहुतेक बाळांचं उतरतं. रोज काट्यावरचा आकडा बघून रडू नको. मी रडायचे, काही उपयोग झाला नाही. त्यापेक्षा दूध काढत राहा. सुरुवातीला चिकाचे चार थेंब निघाले तरी नळीतून त्याला द्यायला सिस्टरकडे दे. तेवढ्या पोटाला ते पुष्कळ.

डॉक्टर हो म्हणाले की बाळाला उघड्या छातीशी धर, कांगारूसारखं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर, म्हणजे याच काचेच्या पेट्या, अपुरे पडले म्हणून हे सुरू झालं, आज सगळीकडे करतात. भावोजींनाही बसव, बापाची छातीही तेवढीच उबदार असते. आमचे हे आधी लाजत होते, मग उठेचनात!

एक मात्र विसरायचं नाही: जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. बाळ माझ्या लेकासारखं खूप लवकर आलं असेल तर आणखी आधी, विसाव्या दिवसापासूनच विचार. घरी गेलात तरी तारीख चुकवू नका.

आणि कुणी "अजून बसत नाही?" म्हणालं तर वय जन्मापासून नाही, बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोज. सासूबाईंनाही तसंच सांग. अंबाबाईला नवस त्या बोलतीलच, तू जेवत जा वेळेवर.