परमेश्वरा, कुठवर? : वाचकांचे प्रश्न

माझा चोवीस वर्षांचा मुलगा पाच महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात गेला. मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) बहिणी म्हणतात, “रडू नका, तो प्रभूजवळ आहे. रडणं म्हणजे अविश्वास.” मला उपासनेत गाता येत नाही. प्रार्थनेला बसले की “का?” एवढाच शब्द तोंडात येतो. माझा विश्वास गेला का?
— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

नाही, ताई. तो “का?” तुम्ही अजूनही देवालाच विचारत आहात. हीच तुमची प्रार्थना आहे.

तुमच्या मैत्रिणींच्या मनात बहुधा बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातला चौथा अध्याय असावा. पण तिथे प्रेषित पौल ‘दुःख करू नका’ असे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखे करू नका, एवढेच तो सांगतो. आशा असलेलेही रडतात. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या त्याच अकराव्या अध्यायात लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघीही येशूला एकच वाक्य ऐकवतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो, मरीयेसमोर त्याचे डोळे भरून येतात. तक्रार केली म्हणून त्याने दोघींपैकी एकीलाही फटकारले नाही.

आता रोज काय करायचे ते सांगतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र १३ उघडा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा ‘कुठवर?’ विचारतो, तिसऱ्या-चौथ्यात मागणे मागतो आणि पाचव्या-सहाव्यात भरवसा बोलून दाखवतो. एक वही घ्या आणि स्तोत्र मोठ्याने वाचा, मनात नको. मग पहिल्या दोन वचनांखाली तुमचे स्वतःचे चार ‘कुठवर’ लिहा. ते सभ्य भाषेत असायला हवेत असे नाही. ‘कुठवर मी त्याच्या मोबाइलचं रिचार्ज करत राहू?’ हेही चालेल. पुढच्या दोन वचनांखाली आजच्या दिवसापुरते एकच लहान मागणे लिहा: आज रात्री चार तास झोप, किंवा त्याचे कपाट उघडण्याचे बळ. शेवटच्या दोन वचनांसाठी स्वतःचे शब्द आले नाहीत तर ती जागा कोरी सोडा आणि दावीदाचेच शब्द वाचून वही मिटा. सगळे मिळून पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नको.

यात दोन ठिकाणी गडबड होते. बरेच जण थेट पाचव्या वचनापासून सुरुवात करतात, कारण तेच ‘विश्वासाचे’ वाटते. न बोललेली तक्रार मग घरातल्या माणसांवर चिडचिड होऊन निघते. दुसरी चूक वेळेची. रात्री अकराला वही उघडली की पहाट होते आणि झोप कायमची बिघडते. म्हणून हे दिवेलागणीच्या आधी उरका.

आणि ज्या दिवशी स्तोत्र १३ सुद्धा फार आशेचे वाटेल, त्या दिवशी ८८ वाचा. त्यात अठरा वचने आहेत आणि शेवट अंधारातच होतो, वळण येतच नाही. तरीही इस्राएलने ते आपल्या उपासनेच्या पुस्तकात ठेवले. शेवट गोड नसलेली प्रार्थनाही देवासमोर म्हणता येते, म्हणूनच ना?

गाण्याचे म्हणाल तर, उपासनेला जा, बसा आणि इतरांना गाऊ द्या. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडले, आणि येशूने ‘त्यांचा’, म्हणजे आणणाऱ्यांचा, विश्वास पाहिला असे तिथे लिहिले आहे. काही महिने तुमच्या वाट्याचे गाणे मंडळीने गावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्न जात नसेल किंवा जगणे नको असे मनात येत असेल, तर पाळकांबरोबरच मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे दिवसरात्र कधीही बोलता येते.

पत्नीच्या कर्करोगासाठी मंडळीने २१ दिवस साखळी (म्हणजे आळीपाळीने) उपवास-प्रार्थना केली. ती प्रभूमध्ये निजली. नंतर बाहेरगावहून आलेले एक उपदेशक म्हणाले, “घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल.” तेव्हापासून मी स्वतःलाच दोष देतो.
— एक बंधू, सोलापूर

तो दोष खाली ठेवा, भाऊ. ते वाक्य पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय लोक अर्धाच वाचतात. पस्तिसाव्या वचनाच्या पूर्वार्धात स्त्रियांना त्यांची मेलेली माणसे परत मिळतात आणि त्याच वचनाच्या उत्तरार्धात इतरांचा छळ होतो, त्यांना सुटका मिळत नाही. एकोणचाळिसाव्या वचनात या सगळ्यांच्याच विश्वासाची साक्ष दिली आहे. गेथशेमाने बागेत येशूने तीन वेळा तीच प्रार्थना केली आणि दुःखाचा प्याला टळला नाही. पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी तीन वेळा विनंती केली. त्याला कृपा मिळाली, काटा निघाला नाही. यांपैकी कुणाचा विश्वास कमी होता?

आपल्या महाराष्ट्रातच पाहा. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेली, भाऊ १८८० मध्ये गेला, लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे त्यांचा उजवा हात असलेली मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि रमाबाई स्वतः एप्रिल १९२२ मध्ये. शेवटची वर्षे त्या बायबलच्या भाषांतराला बसल्या होत्या. त्यांच्या प्रार्थनेत कमतरता होती असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

जी मंडळी आज एखाद्या रुग्णासाठी प्रार्थना करत आहेत, त्यांना चार शब्द सांगायला हवेत. बरे होण्यासाठी स्पष्ट मागा, आडून नको. त्याच प्रार्थनेत डॉक्टर, परिचारिका, औषध आणि खर्चाची सोय यांची नावे घ्या. आणि तिसरे, ‘काहीही झाले तरी तू या खाटेजवळ राहा’ हे मागा. हे तिसरे मागणे अविश्वासाचे वाटते म्हणून गाळले जाते, आणि मग मृत्यू आला की जणू देवच उठून गेला असे घरच्यांना वाटते. कुणी औषध बंद करायला सांगत असेल तर त्याला ठामपणे नाही म्हणा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये, साखर अचानक खाली जाऊन जिवावर बेतू शकते. त्यांना उपवासाऐवजी साखळीतला जास्तीचा एक तास द्या.

सगळ्यात मोठे नुकसान वेगळेच होते. सगळे जण ‘तुम्ही बरे होणारच’ असे म्हणत राहिले की रुग्णाला स्वतःच्या मरणाविषयी बोलताच येत नाही. मुलांना काय सांगायचे, कुणाची क्षमा मागायची, दफनाच्या वेळी कोणते गीत म्हणायचे, सारे आतच राहते. ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ एवढेच एकदा एकांतात विचारा आणि उत्तर मध्येच तोडू नका.

आमचे महिला मंडळ दुःखात असलेल्या घरी भेटीला जाते. गाणे, वचन, प्रार्थना असा क्रम असतो. पण निघताना वाटते की आपण काहीच दिले नाही. काय बदलावे?
— महिला मंडळाच्या सचिव, पुणे

पहिल्या भेटीत क्रमच नको. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि कडवट बोललेल्या ईयोबाला मात्र बरोबर ठरवतो. हा प्रसंग भेटीला निघण्याआधी मंडळात वाचाच.

पहिल्या आठवड्यात दोघींनीच जावे, वीस मिनिटे बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसे लवकर लागतात’, ‘निदान दुसरे मूल आहे’ ही वाक्ये कधीच नकोत. रोमकरांस पत्रातले आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन, सर्व गोष्टी मिळून कल्याण होते हे, खरे आहे. पण पौलाने त्याआधी तीन कण्हणी मांडली आहेत: सृष्टीचे, आपले आणि आत्म्याचे. कण्हणे ऐकण्याआधी ते वचन हातात ठेवले तर दगडासारखे लागते. प्रार्थना करण्याआधी ‘करू का?’ असे विचारा आणि ती दोन मिनिटांत संपवा.

आता हातांचे काम. बहुतेक घरी पहिले चार दिवस डब्यांची रांग लागते आणि दहाव्या दिवशी कुणीच येत नाही. म्हणून पाळी लावा: पहिला आठवडा रोज एकच डबा, पुढचे तीन आठवडे एक दिवसाआड, त्यानंतर महिन्यातून दोनदा वर्षभर. मोशेसाठी इस्राएल लोकांनी तीस दिवस शोक केला. आपल्याकडे तीन दिवसांत सगळे आटोपते. डबा साध्या जेवणाचा हवा, परत न करायच्या भांड्यात. भांडी धुऊन कुणाची कुठली हे शोधणे त्या घराला नको.

कागदांसाठी एक समजूतदार बहीण किंवा बंधू नेमा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर रुग्णालय कळवते, घरी झाला असेल तर घरच्यांना ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जावे लागते. दाखल्याच्या निदान दहा प्रती काढून ठेवा, बँक, विमा, पेन्शन, रेशनकार्ड सगळीकडे लागतात. दाखल्यावरचे नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का, ते तिथेच खिडकीवर पाहा, आपल्या लोकांच्या नावांत दाऊद-दावीद, मेरी-मरीया असे घोळ फार होतात. आणि पासबुक तपासा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसले तर तो बहुधा सरकारी विमा योजनेचा हप्ता असतो. ४३६ रुपयांच्या जीवनज्योती योजनेत मृत्यूनंतर वारसाला दोन लाख मिळतात, २० रुपयांच्या सुरक्षा योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख. कितीतरी विधवांना हे माहीतच नसते. अशा घरी बँकेचा अर्ज भरून देणे, ही याकोबाने आपल्या पत्रात सांगितलेली विधवांची सेवाच आहे.

वडील गेल्यापासून मी सेवेत स्वतःला झोकून दिले: शब्बाथशाळा (रविवारचा बायबलवर्ग), क्वायर (गायकवृंद), शनिवारी रुग्णालयभेटी. दीड वर्ष झाले. आता प्रार्थना कोरडी झाली आहे, मुलांवर ओरडतो. शिवाय मनात येते, सेवा करणाऱ्याच्याच घरी असे का?
— एक तरुण शिक्षक, नागपूर

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. मराठी मुलखात सुवार्ता घेऊन आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी सॅम्युएल न्यूवेल यांचे तान्हे बाळ प्रवासातच गेले आणि पत्नी हॅरिएट १८१२ मध्ये मॉरिशसला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. ते एकटे मुंबईला आले आणि १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेले. त्यांचे सहकारी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानेच गेले. सेवा हे विम्याचे कवच आहे असे प्रभूने कुठेच म्हटलेले नाही. सेवा करूनही दुःख येते, आणि ते आले की सेवकालाही शोक करावा लागतो. तुम्ही तो अजून केलेला नाही, असे पत्र वाचून वाटते.

१ राजे १९ मध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. प्रश्न त्यानंतर येतो, आणि त्यानंतर मदतीला त्याचा शिष्य अलीशा. तुमच्यासाठी क्रम तोच.

निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला काम हजार, शंभर, पन्नास आणि दहांच्या नायकांत वाटायला सांगतो. तुमच्या तीन कामांपैकी शब्बाथशाळा ठेवा, ती तुमची हातोटी दिसते. क्वायर सहा महिने सोडा. रुग्णालयभेटी तर आजच थांबवा, कारण प्रत्येक खाटेवर तुम्हाला वडीलच दिसत असणार. कामे एकदम टाकू नका. पाळकांना तारीख सांगून महिनाभर दुसऱ्या व्यक्तीला बरोबर न्या, मग बाजूला व्हा. रिकाम्या झालेल्या शनिवारी लगेच दुसरी समिती घेतली जाते, हाच इथला नेहमीचा घात. ती वेळ वडिलांच्या कबरेवर जाण्यासाठी, आईबरोबर चहासाठी आणि झोपेसाठी ठेवा. कोरड्या दिवसांत स्वतःचे शब्द जुळवत बसू नका. प्रभूची प्रार्थना सकाळ-संध्याकाळ सावकाश म्हणा, तेवढी पुरते.

मृतांसाठी प्रार्थना करावी का? वसईची आमची सून कॅथलिक आहे, ती दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरेवर मेणबत्ती लावते.
— एक वाचक, ठाणे

कॅथलिक परंपरेत मृतांसाठी प्रार्थना आणि मिस्सा (पवित्र भोजनाची उपासना) आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्या मृताला देवाच्या हाती सोपवून मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. हा मतभेद जुना आहे, तो तुमच्या ओट्यावर मिटणार नाही. सुनेबरोबर कबरेवर जा. ती तिची प्रार्थना म्हणेल, तुम्ही त्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती करा.

यंदा आईशिवाय पहिला नाताळ. घरात तारा लावावा का?
— एक भगिनी, अहिल्यानगर

डिसेंबर लागण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे ठरवा. चोवीस तारखेला संध्याकाळी ठरवायला गेलात तर भांडण होते. लहान मुले असतील तर तारा लावा, त्यांना अंधारलेल्या घराची भीती वाटते. फराळ सगळा करू नका, आईच्या हातचा एकच पदार्थ करा, करंजी असेल तर करंजी, आणि तो बिघडला तरी चालेल. पंचवीसच्या उपासनेला मागच्या बाकावर, दाराजवळ बसा, म्हणजे मध्येच उठावेसे वाटले तर उठता येईल. भेटायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की आईबद्दल बोलायला हरकत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लोक तिचे नाव टाळतात, आणि त्या दिवशी तुमचे कान नेमके तेच नाव ऐकायला आसुसलेले असतात.