रस्तारुंदीकरणासाठी आमच्या रस्त्यावरच्या जुन्या वडांवर रंगाने आकडे टाकलेत, नोटीस मात्र कुठेच नाही. आता काय करता येईल?

नोटीस नाही म्हणजे अजून वेळ हातात आहे. आकडे बहुधा मोजणीचे असतील. ती काही तोडीची परवानगी नव्हे. महाराष्ट्रातल्या 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावरही चिकटवावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस मिळतात. हरकत उद्यान विभागात लेखी द्या आणि पोच घ्या, नुसत्या व्हॉट्सॲप फॉरवर्डने काही होत नाही.

हरकतीत वय आधी मांडा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं, आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजा, फोटो काढा. आसपासच्या जुन्या घरांत लग्नामुंजीचे फोटो असतात, त्यांत मागे वड दिसला तर सोन्याहून पिवळं.

पण खरी लढाई नकाशावर असते. रस्त्याचा आराखडा माहिती अधिकारात मागवा. झाडं दुभाजकात किंवा पार्किंगच्या पट्ट्यात बसतात का, ते अभियंत्यासोबत जागेवर उभं राहून बघा. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड 2020 मध्ये वाचला, तो महामार्गाची आखणी बदलली म्हणून. 2022 मध्ये तो कोसळलाच, हेही खरं.

आणि करवतीपेक्षा मला जास्त धास्ती गटाराच्या चराची वाटते. आमच्या रस्त्यावरची चिंच तोडायची परवानगी कुणी मागितलीच नव्हती. पावसाळी गटारासाठी बुंध्यापासून हातभर अंतरावर जेसीबी चालला. मनगटाएवढी मुळं पिंजून चरात लोंबत होती. त्यावर पेव्हर ब्लॉक बसले आणि पुढच्याच पावसाळ्यात चिंच आडवी झाली. कागदोपत्री ती 'पडली'.

म्हणून 'झाडाजवळ चर हाताने खणावा, मोठी मुळं तोडू नयेत, बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी ठेवावी' ही अट कामाच्या आदेशातच घालून घ्या. साहेबांनी तोंडी दिलेला शब्द जेसीबीवाल्यापर्यंत पोचत नाही.